कुंपणावरची झोळी

१

सकाळचा चहा मी पायरीवर बसून पिते. आत टेबल आहे, खुर्च्या आहेत, सून रोज म्हणते, आत्या, आत बसा. पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जिचा अर्धा जन्म गेला, तिला छताखाली चहा घशाखाली उतरत नाही. माझा लेक भीमरत्न इंजिनिअर झाला, बेळगावात, अनगोळात त्यानं घर घेतलं, मला इथं आणलं, तेव्हापासून ही पायरी माझी.

पायरीसमोर कुंपण होतं. कडूमेंदीचं. आधीच्या मालकानं लावलेलं, माझ्या छातीला लागेल एवढं उंच, आणि दाट असं की आत हात घातला तर कोपरापासून पुढचा हात दिसायचा नाही. उन्हाळा लागला की त्यात पाखरं घर करायची. यंदा शेंडीवाली होती. डोकं काळं, वर शेंडी, शेपटीच्या बुडाला कुंकवाएवढा तांबडा ठिपका. भीमरत्न तिला बुलबुल म्हणतो. चोचीत किडा धरून ती आधी विजेच्या तारेवर बसायची. इकडं बघायची, तिकडं बघायची, मग सूर मारून मेंदीत शिरायची. आत चिवचिव व्हायची, एकदम थांबायची, आणि ती रिकाम्या चोचीनं बाहेर. तिची एक फेरी, माझा एक घोट. असा माझा चहा चालायचा.

एकदा फांदी बाजूला करून मी आत बघितलं होतं. तीन पिल्लं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. माझी सावली घरट्यावर पडली तशी तिघांनी माना ताणून तोंडं उघडली. अंगापेक्षा तोंड मोठं. त्यांना वाटलं आई आली. मी फांदी हळूच सोडून दिली.

घरात आमचीही एक होतीच. भीमरत्नाची पहिली मुलगी, लग्नानंतर लई वर्षांनी झालेली. तिच्यासाठी सुविधानं, म्हणजे माझ्या सुनेनं, किती दवाखान्यांच्या पायऱ्या चढल्या ते तिचं तिला ठाऊक. तिचं माहेर बोरगावला, पण तिथं आई उरली नाही, म्हणून बाळंतपण इथंच झालं. दूध भरपूर, पोर गुटगुटीत. रविवारी नाव ठेवायचं ठरलं. उपासना. दारात मांडव घालायचा, म्हणून कुंपण काढायचं.

मी म्हटलं, "आत पिल्ली हायत रं. उडू देत, मग काढ."

"आई, मांडववाला परवा येतोय. पाखरासाठी नामकरण पुढं ढकलू व्हय?"

"ढकल की. पोरगी काय उडून चालली न्हाय."

तो हसला. सुविधाही हसली. मीही हसले असेन.

२

भरमा नावाचा गडी आला, कोयता आणि पहार घेऊन. मी त्याला घरट्याची जागा दाखवली. म्हटलं, इकडनं हळू ये, फांदीसकट काढ, मी पेरूच्या झाडात ठेवते. त्यानं ऐकलं. शेंडीवालीचा जोडा तारेवर बसून घसा फाटेपर्यंत ओरडत होता. आणि मेंदीच्या आतनं पिल्लांचा आवाज येत होता. कोयत्याचा घाव पडला की थांबायचा, मग पुन्हा सुरू. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. भरमानंही ऐकलं, कारण तो मध्येच हात थांबवून कान द्यायचा.

फांदी निघाली. घरटं जसंच्या तसं. काठावर ओली शीट. आत बोट घातलं तर ऊब होती. पिल्लं नव्हती.

खाली बघितलं. तोडलेल्या फांद्यांचा ढीग दोघांनी मिळून उपसला. मांजर आलं नव्हतं, साप दिसला नव्हता. आम्ही दोघं तिथंच उभे होतो की.

भरमा म्हणाला, "आज्जी, उडाली असतील."

"पिसं न्हाईत त्यास्नी. कशानं उडतील?"

त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून घाम पुसला. घरटं फांद्यांबरोबर ट्रॉलीत गेलं. मुळं निघाली, तांबडी माती सपाट झाली. दुपारी पायरीवर बसले तर अंगावरचं लुगडं कुणी ओढून नेल्यासारखं वाटलं. रस्त्यावरनं जाणारं माणूस माझ्या हातातला पेला बघू शकत होतं.

३

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसले. सवयीनं डोळे तारेवर गेले. शेंडीवाली आली होती. चोचीत हिरवी अळी वळवळत होती.

मला वाईट वाटलं. म्हटलं, येड्या पाखराला कळलेलं नाही. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सूर मारला. जिथं मेंदी होती तिथं, छातीएवढ्या उंचीवर, हवेत ती क्षणभर फडफडली. मान पुढं केली. मग फिरून गेली. चोच रिकामी होती.

मी म्हटलं, टाकली असेल अळी. उठून जाऊन बघितलं. भरमानं माती झाडून चोपून बसवली होती, त्यावर सुई पडली तरी दिसली असती. अळी नव्हती. ती पुन्हा आली. या खेपेला नाकतोडा. फडफडली, मान पुढं केली, रिकामी गेली. सकाळभर हेच. मी चहा तसाच ठेवला, त्यावर साय धरली.

आणखी एक गोष्ट होती, ती मला आधी नीट पकडता येईना. ती मान पुढं करायची त्या वेळेला चिवचिव व्हायची. अगदी बारीक. मग एकदम थांबायची.

मी स्वतःला समजावलं. वखारीत चाळणीचं यंत्र बंद झाल्यावर घरी येऊन जेवायला बसलं तरी कानात घरघर चालायची. कानाला सवय असते. तसंच हे.

सुविधाला सांगितलं तर ती बाळाचे कपडे घड्या करता करता म्हणाली, "आत्या, पाखराला कुठं समजतंय? सवयीनं येत असेल."

"येऊ दे गं. पण किडा कुठं ठेवतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढची घडी घातली.

४

इथं वखारीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय झोळीचं कळायचं नाही.

निपाणीला तंबाखूची वखार म्हणजे आत धूळच धूळ. शिंका, ठसका, डोळ्यांची आग. तिथं तान्हं पोर आत नेलं की संपलं. म्हणून आम्ही बायका पोरांना बाहेर ठेवायचो. वखारीला शेराच्या झुडपांचं कुंपण होतं, त्यात मधे मधे लाकडी खांब. एका खांबापासून दुसऱ्या खांबाला आडवी बल्ली, आणि बल्लीला आमच्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, रांगेनं. आत हात चालायचे, कान बाहेर असायचे. पोर रडलं की मुकादम एकीलाच सोडायचा. आणि जी बाहेर जाईल तिनं जे रडतंय त्याला पाजून यायचं. कुणाचं आहे ते विचारायचं नाही. माझा भीमरत्न निम्म्या वखारीचं दूध प्यालाय, आणि मी किती जणांना पाजलं ते मोजलं नाही.

लेकाला या गोष्टीचा लई अभिमान. रविवारी मांडवात वंदना झाली, पंचशील झालं, पोरीचं नाव पुकारलं, आणि तो उठून सगळ्या पाहुण्यांसमोर हीच गोष्ट सांगायला लागला. म्हणाला, माझी लेक पाळण्यात निजेल, पण आधी तिच्या आजीच्या लुगड्याच्या झोळीत, कुंपणावर. कपाटातनं माझं जुनं हिरवं लुगडं त्यानं काढून आणलंच होतं. मांडवाचे पुढचे बांबू मांडववाल्यानं मेंदीच्याच चरात रोवले होते, वरनं चोपली तरी आत माती मऊ होती म्हणून. त्या दोन बांबूंना आडवा बांबू होता. त्याला त्यानं झोळी बांधली. बायका टाळ्या वाजवत होत्या. कुणी फोटो काढत होतं. मला रडू आलं.

पोर झोळीत घातल्याबरोबर गप झाली. लोक जेवायला बसले. मी पायरीवर बसले, झोळीवर डोळा ठेवून. शेंडीवाली आली. एवढी गर्दी, एवढा गोंगाट, पण तारेवर बसली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि झोळीच्या काठावर उतरली. वाकली. गेली.

मी धावले. आत उपासना झोपलेली. ओठ हलत होते, हनुवटी ओली होती. तान्ही पोरं झोपेत चोखतात. मी पदरानं तिची हनुवटी पुसली. पदराला हिरवं लागलं.

५

पोर तिथं शांत निजते म्हणून मांडव सुटला तरी ते तीन बांबू भीमरत्नानं ठेवून घेतले. आणि त्याच आठवड्यात तिनं दूध सोडलं.

सुविधा पदराखाली घ्यायची, तर ही तोंड फिरवायची. बाटली, चमचा, वाटी, सगळं झालं. दुधानं सुनेची छाती दगड झाली, ताप चढला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काट्यावर ठेवलं, आणि हसून म्हणाल्या, वजन तर छान वाढतंय, बाळ पीत नाही असं कसं म्हणता?

घरी येऊन मी तिला मांडीवर घेतलं आणि वाकले. माझी सावली तिच्या तोंडावर पडली. तिनं मान ताणली आणि तोंड उघडलं. डोळे मिटलेले. रडली नाही, आवाज नाही, नुसतं तोंड वर करून उघडं धरलं. इतकं मोठं, की ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या. मी बाजूला झाले तसं ऊन पडलं, तोंड मिटलं. पुन्हा वाकले. पुन्हा उघडलं.

मी पुन्हा करून बघितलं नाही.

लंगोट धुताना सुविधाला एक दिवस काहीतरी चमकताना दिसलं. तिनं ते तळहातावर घेतलं. सोनकिड्याच्या पंखाचा तुकडा, हिरवा, चकचकीत. ती सरळ माझ्यासमोर आली.

"आत्या, तुम्ही तिला काय चाटवताय?"

"काय बी न्हाय गं."

"मग हे कुठनं आलं तिच्या पोटात? तुमच्याशिवाय कोण असतंय तिच्याजवळ?"

मी शेंडीवालीचं सांगितलं. माझ्या तोंडून ते बाहेर पडताना मलाच ते खुळ्यासारखं ऐकू आलं. सुविधा रडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी भीमरत्न माझ्याजवळ येऊन बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, आई, थोडे दिवस निपाणीच्या घरात राहतेस का. मी म्हटलं, पोर दूध प्याली की त्याच दिवशी जाते, तोवर मला इथनं हलवू नको. त्यानं मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही.

शेजारची अक्काताई भिंतीवरनं सगळं ऐकत असते. ती म्हणाली, "गंगव्वा, लिंबू उतर. न्हायतर संकेश्वराकडं एक जाणता हाय, त्याच्याकडं ने." मनानं चांगली बाई, वाईट सांगायची नाही. पण आमच्या घरात ते सुटलं त्याला जन्म झाला. माझ्या मालकानं, मायाप्पानं, घरातले देव टोपलीत घालून वेदगंगेत सोडले तेव्हा मी शेजारी उभी होते. तो म्हणाला होता, गंगे, डोळ्याला दिसतंय तेवढं खरं, बाकीच्याला भ्यायचं न्हाय. ते मी पाळलं. अंधाराला भ्याले नाही, अमावस्येला भ्याले नाही. आता डोळ्यालाच दिसत होतं. मग मी कुणाकडं जायचं?

६

खिडक्या लावून घेतल्या. बांबूवरची झोळी सोडली. पोर आतल्या खोलीत, पाळण्यात, पंख्याखाली. सुविधा तिच्याजवळनं हलेना. मला उंबऱ्याच्या आत येऊ देईना. मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसायचे.

काचेवर टकटक व्हायची. थांबून थांबून. भीमरत्न म्हणाला, पाखराला काचेत आपलंच रूप दिसतं म्हणून ते चोच मारतं, ऑफिसातही असं होतं. खरं असेल. पण एका खिडकीवर होऊन मग पुढच्या खिडकीवर, मग मोरीच्या झरोक्यावर, असं घराभोवती ते फिरत होतं. आणि टकटक झाली की आतनं उपासनाचा आवाज यायचा. भुकेलं पोर रडतं तो आवाज मी ओळखते. वखारीत भिंतीआडनं कुठलं पोर आहे ते सांगायचे मी. हा तसा नव्हता. बारीक, एका दमात, तोंड उघडं ठेवून काढलेला. आणि एकटीचा वाटत नव्हता.

पोर वाळायला लागली. गाल गेले, बरगड्या दिसायला लागल्या. टाळू खोल गेली. दवाखान्यात ठेवलं. नाकातनं नळी घातली, नळीतनं दूध सोडलं. पोटात गेलं की उलटून पडायचं, फाटलेलं. सलाईनसाठी शीर सापडेना. दवाखान्याची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीबाहेर एसीचा डबा. मी तिथं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. डब्यावर शेंडीवाली बसली होती, चोचीत अळी. बेळगावात बुलबुल काय एकच आहे का? मी मनाला असं म्हटलं आणि पडदा ओढला. पडद्याआडनं टकटक आली. डॉक्टरीणबाई आता हसत नव्हत्या. म्हणाल्या, मोठ्या ठिकाणी न्या, आम्हाला कारण सापडत नाही. मोठ्या ठिकाणी नेलं. तिथंही नळी, तिथंही तेच. एका तरुण डॉक्टरनं भीमरत्नाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो परत आला आणि पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागला. आम्ही तिला घरी आणलं. का आणलं ते कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या दुपारी मला कुदळीचा आवाज आला. भीमरत्न भर उन्हात चर खणत होता. ऑफिसचा शर्ट, पायात बूट तसेच. कुठनं तरी कडूमेंदीच्या फांद्यांची मोळी आणली होती. एकेक फांदी चरात लावायचा, मातीनं दाबायचा, बादलीनं पाणी घालायचा. मेंदी चिवट, उलटी लावली तरी जगते. मी त्याच्याबरोबर बसून माती ओढली. दिवस मावळायच्या आत सगळ्या फांद्यांची पानं काळी पडून गळली होती. तो खाली बसला आणि चरात तोंड घालून रडला, लहानपणी रडायचा तसा.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सुविधा बाहेर आली. हातात पोर, अंगावर टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलात काही आहे असं वाटू नये इतकं ते लहान दिसत होतं. ती पायरीवर माझ्याजवळ बसली. किती तरी दिवसांनी.

"आत्या, झोळी बांधा."

मी तिच्याकडं बघितलं.

"मला सगळं कळतंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तेव्हाच कळलं होतं. पण मी आई हाय तिची. माझं दूध टाकून ती त्याचं खाती, हे मी कुठल्या तोंडानं म्हणू? आता मला काय बी नको. जगू दे. कुणाचं बी खाऊन जगू दे."

"आणि मग?"

"मगचं मग बघू. आज बांधा."

मी बांधली. गाठी मला बघाव्या लागत नाहीत, हातांना पाठ आहेत. पोर आत ठेवली आणि आम्ही दोघी पायरीवर येऊन बसलो. शेंडीवाली तारेवर होतीच. सूर मारून आली, वाकली, गेली. तिचा जोडीदार आला, वाकला, गेला. सुविधा तोंडात पदर कोंबून बघत होती. डोळे मात्र मिटले नाहीत तिनं.

तेव्हा मला वखार आठवली. बाहेर गेले की जे रडतंय त्याला मी छातीशी घ्यायचे. कधी विचारलं होतं का, हे कुणाचं?

ऊन वर आलं, झोळीच्या पलीकडनं. माझं लुगडं जुनं, विरलेलं. त्यातनं आरपार दिसायला लागलं. पोरीची सावली दिसली. डोकं, आखडलेले हात. शेंडीवाली काठावर उतरली तसं सावलीचं तोंड वर झालं, उघडलं. आणि तिच्या खांद्याशी आणखी एक तोंड वर झालं. कुशीत एक. पायांकडनं एक.

मी सुविधाचा हात दाबला. तिनंही माझा दाबला, म्हणजे तिनंही बघितलं. आम्ही उठून झोळीपाशी गेलो. मी काठ खाली ओढला. आत उपासना एकटी होती. ओठांना काहीतरी लागलेलं. पोट भरलेलं. ती आमच्याकडं बघून हसली, आयुष्यात पहिल्यांदा.

सुविधा म्हणाली, "बघा, हसली." आणि मटकन खाली बसली.

८

पोर भरली. गाल परत आले. भीमरत्न आता ऑफिसला जातो, येतो, झोळीकडं बघत नाही. अक्काताई म्हणते, केलंस ना उतारा, सांगत न्हाईस. डॉक्टरीणबाई म्हणतात, कधी कधी असं होतं.

मी मात्र रोज तिला झोळीतनं काढते, तेल लावते, आणि रोज ती हाताला हलकी लागते. काट्यावर वजन वाढतं, हातात कमी होतं. म्हातारीचे हात, त्यांचं काय खरं. तिच्या पायाच्या बोटांजवळ मी माझं बोट नेलं तर ती बोटं वळून घट्ट धरतात. तान्ह्या पोरांची धरतातच. भीमरत्नाचीही धरायची. पण तो सोडायचा.

आज सकाळी सुविधा आंघोळीला गेली, भीमरत्न निघून गेला होता. मी चहा घेऊन पायरीवर बसले. शेंडीवाली तारेवर आली. चोचीत अळी. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि खाली आली नाही.

पेला माझ्या हातातच राहिला. इतकी वर्षं कुंपणाकडं बघत बसलेय मी, हे मला माहीत आहे. पिल्लांना पीस फुटलं की आई घास घरट्यात आणत नाही. लांब बसते, घास दाखवते आणि हाक मारते. भूक लागली की पिल्लू आपोआप काठावर येतं.

तिनं हाक मारली.

झोळीचा काठ खाली दबला. कुणीतरी त्यावर बसल्यासारखा. मग एकदम वर उसळला, आणि झोळी हलली. हवेत काहीतरी फडफडल्याचा आवाज गेला, माझ्या डोक्यावरनं, तारेकडं. मी वर बघितलं नाही. काठ पुन्हा दबला, पुन्हा उसळला. मी उठले. तिसऱ्यांदा दबला आणि उसळला. वर आता हाका वाढल्या होत्या.

मग काठावर दोन पावलं आली. लहान, गुलाबी, काल मी तेल लावलेली. बोटं वळून हिरव्या लुगड्यात रुतली.

जिला अजून कुशीवर वळता येत नाही, तिची.

मी कशी पोचले मला सांगता येणार नाही. पेला कुठं पडला ठाऊक नाही. ती पावलं आत ढकलली, झोळीच्या दोन्ही कडा एकावर एक आणल्या आणि मुठींत आवळून धरल्या. सुविधाला हाक मारतेय, पण मोरीत पाणी पडतंय, तिला ऐकू जात नाही. आतनं लाथा बसतायत माझ्या छातीवर. म्हणजे आहे. म्हणजे अजून आहे. मी तिला सांगतेय, न्हाय गं बाई, जायचं न्हाय, हिकडं तुझी आई हाय, आता येईल, लई दूध हाय तिला. वर तारेवर सगळी एका सुरात ओरडतायत.

आणि आता थांबली.

लाथाही थांबल्यात. लुगडं हातात आहे, कडा आवळलेल्या आहेत, आणि झोळीला वजन लागत नाही. मोरीतलं पाणी बंद झालंय. सुविधाच्या चपला वाजतायत, ती दारात आली. विचारतेय, आत्या, काय झालं, अशा का उभ्या आहात, उघडा बघू.

मी मुठी सोडत नाही.